गळ्यातली गाठ आणि परळची गोष्ट

मराठीत आपण कर्करोग म्हणतो, उर्दूत सरतान. कर्क म्हणजे खेकडा आणि अरबीतला सरतान म्हणजेही खेकडाच. ग्रीक वैद्यांनी हा शब्द आधी वापरला, अरबांनी त्याचा अनुवाद केला आणि आपल्या दोन्ही भाषांत तो असा वेगवेगळ्या वाटांनी आला. दोन्ही भाषा शिकवत असल्याने अशा जोड्या मला नेहमी सापडतात. पण आजचा विषय ज्या आजाराचा आहे, त्याला एक तिसरा शब्द जवळचा आहे. मुलांच्या गळ्याला गाठी आल्या की मराठीत गंडमाळ म्हणतात, आपल्या घरांत कंठमाला म्हणतात आणि हकीम लोक खनाजीर म्हणत. खनाजीर म्हणजे अरबीत डुकरे. युरोपातल्या लॅटिनमध्येही या आजाराचे नाव डुकरिणीवरूनच पडले होते. इब्न सीनाच्या 'अल-कानून'मध्ये खनाजीर आणि सरतान यांची चर्चा वेगवेगळी आहे. म्हणजे कोणती गाठ साधी आणि कोणती जीवघेणी, हा प्रश्न हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यालाही पडलेला होता.

तो प्रश्न मुंब्रा, राबोडी, भिवंडी, कल्याणचा दूधनाका अशा आपल्या वस्त्यांत आजही पडतो, आणि उत्तराला उशीर झाला तर त्याची किंमत मूल मोजते. म्हणून लहान मुलांच्या लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा आणि त्याच्या इलाजाचा इतिहास लिहायला घेतला. वाचत गेले तेव्हा लक्षात आले की या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा आपल्याच सेंट्रल लाइनवरच्या परळमधून निघतो, आणि त्याच्या टोकाला गरीब मुसलमान बायका आहेत. ही गोष्ट आपल्यात फारशी कुणी सांगितलेली नाही.

लिम्फोमा म्हणजे काय

आपल्या मानेत, काखेत, जांघेत, छातीत, पोटात लहान लहान ग्रंथी असतात. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला मराठीत अवधाण म्हणतात. ती या ग्रंथीचीच सूज. शरीरात शिरलेल्या जंतूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे असतात. त्यातलीच एखादी पेशी बिघडते, बेसुमार वाढू लागते, तेव्हा लिम्फोमा होतो. रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, हा त्याचा सख्खा भाऊ. मुलांमधल्या कर्करोगांत ल्युकेमिया सर्वांत जास्त आढळतो, त्यानंतर मेंदूच्या गाठी आणि लिम्फोमा येतात.

लिम्फोमाची दोन मोठी घराणी आहेत. एक हॉजकिन, दुसरे नॉन-हॉजकिन. दुसऱ्यात मुलांमध्ये मुख्यतः बर्किट, लिम्फोब्लास्टिक आणि अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल हे प्रकार दिसतात. त्यापलीकडे अगदी दुर्मीळ प्रकारही आहेत, त्यांचे पुढे पाहू.

टीबी की आणखी काही?

१८३२ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या टॉमस हॉजकिन नावाच्या डॉक्टरने सात रुग्णांची माहिती वाचून दाखवली. त्यांच्या ग्रंथी आणि प्लीहा विचित्रपणे सुजलेल्या होत्या. त्या सातांतला पहिला रुग्ण नऊ वर्षांचा मुलगा होता. हॉजकिन क्वेकर पंथाचा, गुलामगिरीच्या विरोधातला, गोऱ्यांच्या वसाहतींत मूळ रहिवाशांवर होणाऱ्या जुलमाविरुद्ध बोलणारा माणूस. या मतांपायी हॉस्पिटलच्या कारभाऱ्यांशी त्याचे बिनसले आणि त्याची बढती हुकली. १८६६ साली प्रवासात असताना तो पॅलेस्टाइनमधल्या याफा शहरात वारला आणि तिथेच त्याला दफन केले. त्याच्या हयातीत त्या निबंधाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नव्हते. मृत्यूच्या आदल्या वर्षी सॅम्युएल विल्क्स या डॉक्टरने त्या आजाराला हॉजकिनचे नाव दिले.

पुढे सूक्ष्मदर्शकाखाली या गाठी पाहिल्या गेल्या तेव्हा गोंधळ वाढला. १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्गने त्यातल्या मोठ्या, वेगळ्या पेशींचे वर्णन केले, पण त्याचे मत पडले की हा टीबीचाच एक प्रकार असावा. त्याच्या अनेक रुग्णांना टीबीही होता, त्यामुळे ही समजूत सहज झाली. १९०२ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डोरोथी रीड या तरुण डॉक्टरने बारकाईने अभ्यास करून ठामपणे लिहिले की हा टीबी नव्हे, हा स्वतंत्र आजार आहे. आज त्या पेशीला रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात. त्या संस्थेत बाईला पुढे जागा मिळणार नाही असे कळल्यावर रीड तिथून निघून गेली. पण टीबी आणि हॉजकिन यांची फारकत तिच्यामुळे झाली, ती कायमची.

कायमची म्हणजे पुस्तकात. आपल्या दवाखान्यांत अजून ती पुरती झालेली नाही. आपल्याकडे टीबी इतका आहे की मुलाच्या मानेत गाठ दिसली की पहिला विचार टीबीचाच येतो, आणि पुष्कळदा तो बरोबरही असतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा तपासणी न करताच गोळ्या सुरू होतात. माझ्या वर्गात सातवीत एक हुशार मुलगी होती. मानेत सुपारीएवढी गाठ, संध्याकाळचा बारीक ताप, युनिफॉर्म अंगावर लोंबायला लागलेला. तिच्या अम्मीला विचारले तर म्हणाली, "टीचर, टीबी की गोली चालू है, कम हो जाएगा." एका दवाखान्यात गाठीची कोणतीच तपासणी न होता सहा महिने गोळ्या चालल्या होत्या. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी गाठ काढून तपासायला पाठवली आणि हॉजकिन निघाला. सुदैवाने हॉजकिन हा मुलांच्या कर्करोगांतला सर्वांत बरा होणाऱ्यांपैकी एक आहे. ती मुलगी आता कॉलेजात आहे. पण तिचे ते सहा महिने अडाण्यासारखे वाया गेले, आणि बर्किटसारखा झपाट्याने वाढणारा प्रकार असता तर सहा महिने मिळालेच नसते.

गिरणीतल्या बायका आणि मार्माइट

आता परळकडे येऊ. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. मुंबईत, विशेषतः कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय आढळत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी फुगून मोठ्या होत आणि संख्येने कमी होत. बाळंतपणात कित्येक जणी दगावत. लोह देऊन उपयोग होत नव्हता. विल्सने परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बसून या बायकांच्या आहाराचा अभ्यास केला. तिला दिसले की ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांना हा आजार सर्वांत जास्त, आणि त्यात गरीब मुसलमान बायका आघाडीवर होत्या. पडद्यात, अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या, भाजी-फळे क्वचित खाणाऱ्या त्या बायका. त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत.

विल्सने आधी उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग केले आणि तिला सापडले ते मार्माइट. यीस्टपासून बनवलेला हा काळसर, खारट, स्वस्त पदार्थ इंग्रज लोक पावाला लावून खात. तो दिल्यावर त्या बायकांचे रक्त सुधारू लागले. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. मार्माइटमधल्या त्या अज्ञात घटकाला काही काळ विल्स फॅक्टर म्हणत. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव मिळाले. आज प्रत्येक गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात जी गोळी देतात, तीत हेच असते.

याचा मुलांच्या कर्करोगाशी संबंध असा. फॉलिक अ‍ॅसिड पेशी वाढवते, हे कळल्यावर बॉस्टनचे सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना त्याच्या जातीची औषधे देऊन पाहिली. आजार बरा होण्याऐवजी वाढल्यासारखा दिसला. तेव्हा फार्बरना उलटा विचार सुचला. फॉलिक अ‍ॅसिडने रोग वाढतो, तर फॉलिक अ‍ॅसिड अडवले तर? असे अडवणारे औषध अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्याच चमूने आधी फॉलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या बनवले होते. फार्बरनी १९४७ च्या अखेरीपासून मुलांना ते औषध दिले आणि १९४८ मध्ये निष्कर्ष छापले. १६ मुलांपैकी १० मुलांत सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, आजार परतला. पण त्याआधी असे कधी घडलेच नव्हते. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. त्या औषधाचा धाकटा भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. मुलांच्या बर्किट आणि लिम्फोब्लास्टिक लिम्फोमाच्या इलाजात तो आजही कणा आहे.

तेव्हा परळच्या टाटा हॉस्पिटलात एखाद्या मुलाच्या सलाइनमधून पिवळे मेथोट्रेक्सेट चढत असते, तेव्हा त्या औषधाची कहाणी चालत जाण्याच्या अंतरावरच्या हाफकिनमध्ये, उपाशी गरोदर बायकांच्या रक्ताच्या थेंबांतून सुरू झालेली असते. इलाज ही परक्यांनी दिलेली भीक आहे, असे मानण्याचे काही कारण नाही. त्यात आपलाही हिस्सा आहे, आणि तो आपल्या आज्या-पणज्यांनी फार महागात दिलेला आहे.

युगांडाचा सर्जन

१९५७ मध्ये युगांडातल्या कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलात डेनिस बर्किट हा आयरिश सर्जन काम करत होता. लहानपणी अपघातात त्याचा एक डोळा गेला होता. त्याच्याकडे जबडा सुजून चेहरा वाकडा झालेली मुले आणली गेली. दात हलायचे, डोळा बाहेर यायचा आणि काही आठवड्यांत मूल दगावायचे. १९५८ मध्ये त्याने याचे वर्णन छापले. मग १९६१ मध्ये दोन मित्रांसोबत जुन्या मोटारीतून सुमारे १०,००० मैलांचा प्रवास करून, दवाखान्यादवाखान्यांत फोटो दाखवत त्याने नकाशा तयार केला. हा आजार उष्ण, पावसाच्या, मलेरियाच्या पट्ट्यातच जास्त होता.

त्याच वर्षी लंडनमध्ये त्याचे भाषण ऐकून अँथनी एपस्टाइनला वाटले की यामागे विषाणू असावा. १९६४ मध्ये एपस्टाइन, अचाँग आणि यव्हॉन बार यांनी तो विषाणू दाखवला. माणसाच्या कर्करोगाशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू. तो जवळजवळ सगळ्यांच्या शरीरात कधी ना कधी शिरतो आणि बहुतेकांना काही करत नाही. आपल्याकडच्या मुलांच्या हॉजकिनमध्येही तो फार मोठ्या प्रमाणात सापडतो, आणि आपल्याकडे हॉजकिन पाश्चात्त्य देशांपेक्षा लहान वयात, दहाच्या आतल्या मुलांतही, बराच दिसतो. भारतात बर्किट जबड्यापेक्षा पोटात जास्त आढळतो. पोट फुगते, उलट्या होतात, कधी आतडे अडकते.

कंपालात बर्किटकडे किरणोपचाराचे यंत्र नव्हते. म्हणून त्याने मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे देऊन पाहिली. काही मुलांच्या गाठी काही दिवसांत विरघळल्या आणि त्यातली काही मुले कायमची बरी झाली. कर्करोग फक्त औषधाने बरा होऊ शकतो, ही गोष्ट जगाला पटवण्यात या गरीब आफ्रिकी मुलांचा मोठा वाटा आहे. सायक्लोफॉस्फमाइडचे मूळ मात्र भयानक आहे. महायुद्धातल्या मस्टर्ड वायूने पांढऱ्या पेशी मरतात हे पाहून १९४२ मध्ये अमेरिकेत येल येथे लिम्फोमाच्या एका रुग्णाला त्याच जातीचे औषध दिले गेले होते. त्याच कुळातले हे पुढचे औषध.

कब्रस्तानातली सदाफुली

मराठीत सदाफुली, उर्दूत सदाबहार. आपल्या कब्रस्तानांत, चाळींच्या कुंड्यांत, रेल्वेच्या कडेला हे गुलाबी-पांढरे फूल बारमाही फुलते. जमैकात लोक मधुमेहावर तिचा काढा घेत. १९५२ मध्ये तिथून काही पाने कॅनडाच्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली. त्यांना रक्तातल्या साखरेवर परिणाम दिसला नाही, पण पांढऱ्या पेशी मात्र घटलेल्या दिसल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन निघाले आणि अमेरिकेतल्या लिली कंपनीने त्याच झाडातून व्हिनक्रिस्टिन काढले, जे १९६३ पासून वापरात आले. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागत. १९६४ पासून अमेरिकेत हॉजकिनसाठी चार औषधांचा एकत्र मारा सुरू झाला, त्यात व्हिनक्रिस्टिन होते. एकेका औषधाने आजार परतायचा. चार मिळून दिली तेव्हा निम्म्याहून जास्त रुग्णांत तो परतलाच नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हे वाचून कुणी सदाफुलीची पाने मुलाला चावायला देऊ नयेत. झाडात ते द्रव्य अत्यल्प आणि बेभरवशाचे असते, सोबत इतर विषारी द्रव्येही असतात. औषध म्हणून ते मोजून, शिरेतूनच दिले जाते.

पुन्हा परळ

दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने वारल्या. त्यांच्या दुःखातून आणि दोराबजींच्या ट्रस्टमधून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. तिथे १९८० च्या दशकात मुलांच्या इलाजाचे चित्र बदलले, त्यात डॉ. सुरेश अडवाणी यांचे नाव पहिले येते. आठव्या वर्षी पोलिओ झालेले, व्हीलचेअरवरून काम करणारे हे डॉक्टर. १९८३ मध्ये भारतातले पहिले यशस्वी बोन मॅरो प्रत्यारोपण त्यांनीच केले.

त्या काळी आपल्याकडे ल्युकेमिया झालेल्या पाच मुलांतले एखादेच वाचे. प्रत्येक हॉस्पिटल आपापल्या पद्धतीने औषधे देई. १९८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले डॉ. इयान मॅग्राथ यांच्यासोबत मुंबईचे टाटा, चेन्नईतल्या अड्यारचे कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचे एम्स यांनी एकच ठरलेली पद्धत राबवायला सुरुवात केली. तिचे नाव एमसीपी-८४१. परदेशातली पद्धत जशीच्या तशी उचललेली नव्हती. इथे मिळणारी औषधे, इथले पैसे, इथली कुपोषित आणि जंतुसंसर्गाला लवकर बळी पडणारी मुले, हे सगळे धरून ती बेतलेली होती. जगणाऱ्या मुलांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले. नॉन-हॉजकिन लिम्फोमासाठी तिची बहीण एमसीपी-८४२ आली. ही कमी मुदतीची पण कडक पद्धत होती, आणि तिचे पहिले निष्कर्ष अडवाणी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये छापले. आज श्रीमंत देशांत मुलांचा बर्किट आणि हॉजकिन दोन्ही ९० टक्क्यांच्या आसपास बरे होतात. आपल्याकडचे चांगल्या केंद्रांतले आकडेही सतत वर चढत आले आहेत.

या सगळ्या अभ्यासांतून डॉक्टरांना एक धडा मिळाला. मूल केवळ आजाराने दगावत नव्हते. काही मुले उपचारातल्या जंतुसंसर्गाने जात होती, आणि बरीच मुले अर्ध्यातून उठून गावी नेली जात होती. गाठ विरघळली की घरच्यांना वाटे, बरे झाले. किंवा पैसे संपत, बापाची मजुरी बुडे, घरी बाकीची भावंडे असत. २००९ च्या सुमारास टाटातल्या मुलांपैकी पाचातले एक असे अर्ध्यातून सुटत होते. मग हॉस्पिटलने औषधाइतकेच लक्ष या बाजूला दिले. समाजसेवक नेमले, पैसे, राहणे, जेवण, रक्त, शाळा यांची व्यवस्था लावली, न आलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन केला. काही वर्षांत हे प्रमाण शंभरात पाचांच्या खाली आले. कोणतेही नवे औषध न शोधता एवढी मुले वाचली. २००६ मध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्ससारख्या संस्था बाहेरगावच्या कुटुंबांना फुकट, स्वच्छ खोली आणि स्वतःचे स्वयंपाकघर देतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तर कित्येक वर्षे हे काम करते आहे.

कल्याण ते परळ

अशा जागा मुख्यतः बाहेरगावच्यांसाठी असतात. कल्याण-डोंबिवलीचे, मुंब्र्याचे कुटुंब जवळचे धरले जाते. म्हणून त्यांचा इलाज लोकलमध्ये चालतो. पहाटे स्लो पकडायची, मुलाच्या तोंडाला मास्क, दिव्यांग डब्यात कर्करुग्णांना मुभा असते तिथे चढायचे, परळला उतरायचे, रक्त तपासायचे, औषध घ्यायचे, रात्री परत. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आला तर तो साधा ताप नसतो, तासाभरातही बिघडू शकते. अशा वेळी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नसते. आणि टाटापर्यंत पोचणे शक्य नसेल तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात केमोची फाइल घेऊन जायचे असते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.

बरे झालेल्या मुलांचेही पुढे पाहावे लागते. जुन्या औषधांनी आणि किरणांनी पुढे हृदय, थायरॉइड, मूल होण्याची क्षमता यांवर परिणाम होऊ शकतात. टाटात १९९१ पासून यासाठी वेगळे क्लिनिक चालते. लग्न जमवताना मुलीचा आजार लपवण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि त्यापायी या तपासण्या बंद पडतात. हा आजार लागत नाही. तो कुणाच्या गुनाहचे फळ नाही, नजर नाही, सहर नाही.

दुर्मीळ प्रकार आणि नवा इलाज

काही प्रकार इतके विरळ आहेत की एका डॉक्टरला आयुष्यात मोजकेच भेटतात. अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा ताप आणि त्वचेच्या चट्ट्यांमुळे जंतुसंसर्गासारखा भासतो. १९९४ मध्ये त्यामागचा एएलके नावाच्या जनुकाचा बिघाड सापडला आणि आता नेमके त्यावरच काम करणाऱ्या गोळ्या आहेत. मुलांमधला फॉलिक्युलर लिम्फोमा नावाने भीतिदायक, पण पुष्कळदा गाठ पूर्ण काढली की तेवढ्यावर भागते, केमो लागतच नाही. उलट यकृत आणि प्लीहेत वाढणारा एक दुर्मीळ प्रकार फार हट्टी आहे. म्हणजे "लिम्फोमा आहे" एवढे कळून चालत नाही, कोणता ते कळावे लागते. ते सुईच्या थेंबभर नमुन्यातून नेहमी कळत नाही. शक्य तिथे ग्रंथी पूर्ण काढून तपासावी लागते.

इलाजाला दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या आजारासाठी आता रुग्णाच्याच पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत सोडतात. याला कार-टी म्हणतात. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या चमूने बनवलेल्या अशा पेशी ४ जून २०२१ रोजी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटाच्या केंद्रात पहिल्यांदा दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये १५ वर्षांवरील रुग्णांसाठी त्याला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो इलाज सुरू झाला. परदेशात ज्याला कोटींत पैसे लागतात, तो इथे सुमारे ४२ लाखांत आला. आपल्यासाठी हेही डोंगराएवढेच आहेत. पण खारघर हे कल्याणहून तळोज्याच्या रस्त्याने जवळ आहे, आणि मार्माइटसुद्धा कधीकाळी नवीनच होते.

आपण काय करायचे

इलाज करणे ही सुन्नत आहे, हे आपण सगळे जाणतो. त्या वाटेवर मुले दोन ठिकाणी निसटतात: गाठ ओळखण्याआधी आणि इलाज पुरा होण्याआधी. दोन्ही ठिकाणी मोहल्ला काही करू शकतो.

मुलाच्या मानेतली गाठ दुखत नसेल, दोन-तीन आठवड्यांत वाढत असेल, मोठ्या सुपारीएवढी झाली असेल, किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर असेल, सोबत ताप, रात्रीचा घाम, वजनात घट असेल, आडवे पडल्यावर दम लागत असेल, तर तपासणीचा आग्रह धरा. टीबीच असेल तर तोही तपासणीतच सिद्ध होतो. तोवर कुणी स्टिरॉइडची गोळी देत असेल तर घेऊ नका. त्याने गाठ काही दिवस विरघळते, सगळे खूश होतात आणि नमुन्यात आजार दिसेनासा होतो.

पैशांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशन कार्ड आणि आधारवरची नावे जुळवून ठेवा. आपल्याकडे स्पेलिंगच्या घोळात आठवडे जातात. जकात-सदक्याचा पैसा रमजानमध्ये भराभर वाटला जातो. त्यातला थोडा वर्षभर राखून, इलाज चालू असलेल्या घराचे भाडे, लोकलचा पास, बापाची बुडालेली मजुरी यांसाठी मशिदीच्या कमिटीने द्यावा. प्लेटलेट द्यायला तयार असलेल्या तरुणांची यादी प्रत्येक मोहल्ल्यात असावी. आणि आम्ही शिक्षकांनी त्या मुलाचे नाव पटावरून काढू नये, अभ्यास घरी पोचवावा, केस गेलेल्या डोक्याकडे वर्गाने कसे पाहायचे ते आधीच समजावून सांगावे.

परळच्या त्या गिरणी कामगार बायकांपैकी किती जणी वाचल्या, किती जणी दगावल्या, त्यांच्या वंशजांनाही माहीत नसेल. त्यांच्या रक्तातून जे कळले, त्यावर आज जगभरातली मुले बरी होतात. त्यात आपल्या गल्लीतले मूल राहून जाऊ नये, एवढे पाहणे आपल्या हातात आहे.